छातीत कळ आली असता

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात रात्रंदिवस जे नाना प्रकारचे रुग्ण येत असतात, त्यांपैकी छातीत दुखते म्हणून आलेल्या मनुष्याइतका वैद्याला पेचात टाकणारा दुसरा रुग्ण क्वचितच असेल. कारण मोडलेले हाड दिसते, वाहणारे रक्त दिसते, अंगातला ताप मोजता येतो, परंतु छातीतील वेदना ही बव्हंशी रुग्णाच्या सांगण्यावरच उभी असते आणि त्या सांगण्यामागे पित्ताच्या साध्या जळजळीपासून तासाभरात प्राण हरण करणाऱ्या व्याधीपर्यंत काहीही दडलेले असू शकते. आलेल्या सर्वांना दाखल करून घ्यावे तर खाटा पुरत नाहीत आणि ज्याला खरोखरच खाट हवी तो दारात खोळंबून राहतो. सर्वांना धीर देऊन परत पाठवावे तर त्यांतील काही जण घरी पोहोचण्यापूर्वीच दगावतात. अमेरिकेतील दहा रुग्णालयांत आलेल्या अशा 10,689 रुग्णांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांच्या दुखण्याचा हृदयाशी काहीएक संबंध नव्हता. 889 जणांना हृदयविकाराचा खराखुरा झटका आलेला होता. आणि या 889 पैकी 19 जणांना तपासून, काही विशेष नाही असे समजून, घरी पाठवण्यात आले होते. शेकड्याला दोन हे प्रमाण हिशेबाच्या वहीत लहान दिसते खरे, पण यांतला प्रत्येक जण वेळेवर दवाखान्यात पोहोचलेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याचे गांभीर्य कळते.

या पेचातून जो मार्ग गेल्या काही दशकांत निघाला त्याचे मर्म दोन गोष्टींत आहे. पहिली अशी की, रोगाचे नेमके नाव काय, या प्रश्नाच्या मागे प्रथम लागायचे नाही. छातीत दुखवून थोड्या अवधीत मारू शकणाऱ्या व्याधी मोजक्याच आहेत. त्या मनाशी धरून त्यांपैकी कोणती असण्याचा संभव आहे याचा छडा आधी लावायचा आणि नाव निश्चित करण्याचे काम मागाहून सावकाश करायचे. दुसरी गोष्ट अशी की, कोणत्याही एका वेळच्या तपासणीवर अखेरचा फैसला करायचा नाही. तीच ईसीजीची पट्टी पुन्हा काढायची, तेच रक्त पुन्हा तपासायचे, तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, आणि मधल्या काळात काय पालटले ते पाहायचे. ‘ईसीजी काढला, नॉर्मल आला’ हे आपल्याकडे घरोघर ऐकू येणारे वाक्य सुटकेच्या निःश्वासासारखे उच्चारले जाते. वस्तुतः त्या वाक्याने तपासाला नुकता कोठे आरंभ झालेला असतो.

रुग्ण दाराशी आल्यापासून दहा मिनिटांच्या आत त्याचा ईसीजी काढला जावा आणि तो जाणत्या वैद्याच्या नजरेखालून जावा, हा दंडक आज सर्वमान्य आहे. केसपेपर निघायचा आहे किंवा नातेवाईक पैसे भरण्यासाठी खिडकीपाशी रांगेत उभे आहेत, या सबबी त्या दहा मिनिटांपुढे गौण ठरल्या पाहिजेत. हे काम दिसते तितके यांत्रिक नाही. झटका आलेला मनुष्य घामाने चिंब झालेला असतो आणि ओल्या कातडीवर इलेक्ट्रोडच्या रबरी फुग्याच्या वाट्या ठरत नाहीत; म्हणून प्रथम छाती कोरड्या कापडाने पुसावी लागते. मग उरोस्थीच्या उजव्या कडेला चौथ्या फासळीखालची खाच बोटाने चाचपून पहिली वाटी तेथे बसवायची, तिच्या समोर डाव्या कडेला दुसरी, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली येऊन पाचव्या खाचेत चौथी, या दोहोंच्या मध्ये तिसरी आणि काखेकडे त्याच पातळीत उरलेल्या दोन. पहिल्या दोन वाट्या खाच न मोजता अंदाजाने वर लावल्या तर नसलेल्या झटक्याची खूण कागदावर उमटू शकते. स्त्रीरुग्णाच्या बाबतीत संकोचामुळे त्या भलत्याच जागी लावल्या जातात, आणि मग आलेखही फसवा निघतो. पडदा ओढून, सांगून-समजावून, स्तनाखालची योग्य जागा गाठणे हा शिष्टाचार तर आहेच, पण तो निदानाचाही भाग आहे. आणि ज्या विभागात पडद्याची सोय नाही तेथे स्त्रियांचे निदान चुकण्याला त्या नसलेल्या पडद्याचाही हातभार लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दहा तारांमधून हृदयाची बारा बाजूंनी मिळणारी ही विद्युत्-साक्ष दर सेकंदाला 25 मिलिमीटर या गतीने सरकणाऱ्या चौकटीच्या कागदावर उतरते. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी रोहिणी गुठळीने पूर्ण तुंबली म्हणजे त्या बाजूच्या आलेखात, मोठ्या सुळक्यानंतर जो सपाट भाग यावयाचा, तो वर उचलला जातो. हा उंचवटा स्पष्ट दिसला की पुढच्या रक्ततपासणीची वाट पाहत बसण्याचे कारण उरत नाही. गुठळी फोडण्याची किंवा रोहिणी उघडण्याची तजवीज त्या क्षणीच सुरू व्हावी लागते. लेडन येथील विलेम आइन्टहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी ज्या यंत्राने असा आलेख प्रथम विश्वसनीय रीतीने काढला, त्याचे वजन सुमारे 270 किलो होते, ते चालवण्यास पाच माणसे लागत आणि रुग्णाला आपले हात व पाय मिठाच्या पाण्याच्या पात्रांत बुडवून बसावे लागे. ते अवजड यंत्र रुग्णालयात नेणे अशक्य, म्हणून 1905 साली त्यांनी सुमारे दीड किलोमीटर दूर असलेल्या रुग्णालयातील रोग्यांचे आलेख टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत घेतले. आज तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी पट्टीचे छायाचित्र मोबाइलवरून शहरातील हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवतो व काही मिनिटांत त्याचा सल्ला मिळवतो, त्या पद्धतीचा पाया शतकापूर्वीच असा घातला गेला होता. आइन्टहोव्हेन यांना 1924 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु झटका आलेल्या अनेकांचा पहिला आलेख अगदी निर्दोष असतो किंवा त्यातील फरक इतका पुसट असतो की तो निर्दोष भासतो. रोहिणी कधी तुंबते, कधी थोडी मोकळी होते, पुन्हा तुंबते. आलेख मात्र त्या दहा सेकंदांचीच हकीकत सांगतो. हृदयाच्या पाठीमागच्या भिंतीला इजा झाली असेल तर पुढून लावलेल्या वाट्यांना ती थेट दिसतच नाही, त्यासाठी काखेपासून पाठीकडे आणखी वाट्या लावाव्या लागतात. आणि हृदयाच्या खालच्या भागाला इजा झालेली दिसली तर उजव्या छातीवरचा आलेखही घ्यावा लागतो, कारण उजवा कप्पा सापडलेला असताना जिभेखाली नेहमीची गोळी दिली तर रक्तदाब एकदम कोसळण्याचे भय असते. म्हणून दुखणे चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी, अर्ध्या तासाने, आणि कळ पुन्हा उठेल त्या त्या वेळी, नवा आलेख काढून आधीच्या शेजारी ठेवून पाहावा, असा नेम आहे.

आता रुग्णाच्या जबानीकडे वळू. लंडनचे विल्यम हेबर्डन यांनी 1768 साली तेथील वैद्यांच्या सभेपुढे हृदयशूलाचे जे वर्णन वाचले, त्यामागे कोणतेही यंत्र नव्हते; चालताना, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर, छातीत उठणारी आणि उभे राहताच नाहीशी होणारी ती वेदना त्यांनी रुग्णांना विचारून विचारूनच ओळखली होती. ही कला अद्याप जुनी झालेली नाही. कळ केव्हा आली, त्या वेळी काय चालले होते, ती हळूहळू वाढत गेली की पहिल्या क्षणापासूनच असह्य होती, हात-खांदा-जबडा-पाठ यांपैकी कोठे पसरली, श्वास घेतला किंवा कूस पालटली तर वाढते काय, घाम आला काय, उलटीची भावना झाली काय, हे प्रश्न नीट विचारायला तीन-चार मिनिटे पुरतात. आपला रुग्ण ‘दुखते’ असे फारसे म्हणतच नाही. छाती भरून आली, आवळल्यासारखे झाले, कोणी दगड ठेवल्यासारखे वाटते, जीव घाबरा होतो, असे तो सांगतो आणि सांगता सांगता मूठ वळून छातीच्या मध्यावर ठेवतो. त्या मुठीकडे बोस्टनचे सॅम्युअल लिव्हाइन यांनी वैद्यांचे लक्ष वेधले होते. उलट, एका बोटाने जागा दाखवता येणारी, श्वासाबरोबर टोचणारी, दाबल्यावर दुखणारी चमक हृदयाची असण्याचा संभव कमी. कमी म्हणजे शून्य मात्र नव्हे, ही पुस्ती येथे जोडलीच पाहिजे. मधुमेही मनुष्य, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात वेदनेच्या जोडीला किंवा तिच्या जागी नुसती धाप, मळमळ, जबड्यातील ठणका किंवा विलक्षण थकवा एवढेच लक्षण असू शकते, आणि तेथेच फसगत होते.

आपल्या घरांतून या फसगतीला एक ठरावीक नाव मिळते, ते म्हणजे ‘गॅस’. रात्री जेवणानंतर छातीत दाटून आले की ओवा चावला जातो, सोडा प्याला जातो, छातीला तेल चोळले जाते, आणि ढेकर येऊन थोडे बरे वाटले की सकाळी पाहू असे ठरते. पित्तावरचे औषध घेऊन उतार पडला, यावरून हृदय निर्दोष ठरत नाही. आणि जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवून बरे वाटले, यावरून हृदय दोषी ठरत नाही, कारण अन्ननलिकेला आलेला पेटकाही त्याच गोळीने सुटतो. औषधाने आलेल्या आरामावरून निदान करण्याची सवय घरच्या मंडळींतच आहे असे नाही. काही वैद्यांतही ती आढळते, आणि दोन्हीकडून ती टाकून दिली पाहिजे.

हृदयविकाराचा झटका हा या प्रकरणातील मुख्य संशयित असला तरी एकमेव नव्हे. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज 25 ऑक्टोबर 1760 रोजी सकाळी अकस्मात कोसळून मरण पावला. त्याच्या प्रेताची तपासणी राजवैद्य फ्रँक निकोल्स यांनी केली तेव्हा हृदयावरणाच्या पिशवीत रक्त साकळलेले आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या भिंतीला आतून चीर गेलेली त्यांना आढळली. या व्याधीत महारोहिणीच्या भिंतीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि त्यांच्या मधून रक्त आपली वाट काढते. वेदना पहिल्याच क्षणी परमावधीला पोहोचलेली असते, ती फाडल्यासारखी असते आणि बहुधा पाठीत उतरते. येथे वैद्याच्या हातून होणारी चूक दुहेरी घातक ठरते, कारण गुठळी विरघळवणारे जे औषध हृदयविकाराच्या झटक्यात जीव वाचवते तेच येथे जीव घेते. म्हणूनच दोन्ही दंडांचा रक्तदाब मोजून पाहण्याची जुनी रीत, तिला दोन मिनिटेही लागत नसताना, गर्दीच्या विभागात वगळली जाते याचे मला फार वाईट वाटते. दोन बाजूंत 20 मिलिमीटरपेक्षा अधिक तफावत निघाली, किंवा क्ष-किरणांत छातीचा मधला भाग रुंदावलेला दिसला, तर पुढचे पाऊल सी.टी. स्कॅनकडे पडले पाहिजे. तफावत नसली म्हणून ही व्याधी नाहीच, असे मात्र म्हणता येत नाही.

फुप्फुसातील रोहिणीत अडकणारी गुठळी बहुधा पायाच्या नीलेत जन्म घेते. म्हणून नुकती झालेली शस्त्रक्रिया, प्लास्टरमध्ये ठेवलेला पाय, दीर्घ प्रवास, बाळंतपण, एका पोटरीची सूज, यांची चौकशी छातीच्या दुखण्यात अप्रस्तुत समजू नये. फुप्फुसाभोवती हवा कोंडून ताण निर्माण झाला असेल तर फोटोची वाट न पाहता सुईने ती हवा बाहेर काढावी लागते, कारण फोटो येईपर्यंत रुग्ण राहीलच असा भरवसा नसतो. जोराच्या उलटीपाठोपाठ अन्ननलिका फाटून येणारी कळ दुर्मिळ आहे. तिचे पहिले वर्णन हर्मान बोअरहाव्ह यांनी 1724 साली एका डच नौसेनानीच्या मृत्यूवरून केले, आणि अशा रोग्याने वेदनेपूर्वी उलटी झाल्याचे सांगितले असूनही ते कोणी मनावर घेत नाही, हे अजूनही घडते.

आता रक्ताच्या साक्षीविषयी. हृदयाच्या स्नायूत ट्रोपोनिन नावाचे प्रथिन असते. स्नायूच्या पेशी मरू लागल्या की ते रक्तात झिरपते. पूर्वीच्या चाचण्यांना ते ओळखू येण्यास कित्येक तास लागत. हल्लीच्या अतिसंवेदनशील चाचण्या लिटरमधील काही नॅनोग्रॅम इतके सूक्ष्म प्रमाणही ओळखतात. तरीही कळ सुरू झाल्यावर तासाभरात आलेल्या मनुष्याचे पहिले ट्रोपोनिन सर्वस्वी सामान्य येऊ शकते. याच कारणासाठी चाचणीच्या प्रकाराप्रमाणे एक, दोन किंवा तीन तासांनी रक्त पुन्हा काढतात आणि दोन आकड्यांतील चढ-उतार पाहतात. उलट, मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात, रक्तातील जंतुदोषात, फुप्फुसातील गुठळीतही हे प्रथिन वाढलेले सापडते. पण मूत्रपिंडाच्या रोग्यात ते बहुधा स्थिर असते आणि झटक्यात ते हलते. रुग्णाचे नातेवाईक दुसऱ्यांदा रक्त काढताना कुरकुरतात, ‘एकदा काढले ना’ असे विचारतात. त्यांना पहिला आकडा किती, दुसऱ्याची गरज का, हे कोणी अर्ध्या मिनिटात सांगितले तर बहुतेक जण समजून घेतात.

या सर्व साक्षींची एकत्र मांडणी करण्यासाठी नेदरलँड्समधील वैद्यांनी 2008 साली एक सुटसुटीत गणना पुढे आणली. हकीकत, ईसीजी, वय, धोक्याची कारणे आणि ट्रोपोनिन या प्रत्येकाला शून्य ते दोन गुण द्यावयाचे. वय 45 पेक्षा कमी असेल तर शून्य, 65 किंवा अधिक असेल तर दोन. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, घरातील हृदयविकार ही धोक्याची कारणे. एकूण दहांपैकी तीनपर्यंत गुण आले तर पुढील काही आठवड्यांत गंभीर प्रसंग ओढवण्याचा संभव अल्प. सात किंवा अधिक आले तर दाखल केल्यावाचून गत्यंतर नाही. नवशिक्या वैद्याला ही गणना मोठा आधार देते. तथापि यातील पहिलेच पद, म्हणजे हकीकत, हे विचारणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून आहे. ज्याने नीट विचारलेच नाही त्याच्या कागदावर शून्य पडते आणि बेरीज निर्धोक दिसू लागते.

ज्याचा आलेख उंचावलेला आहे त्याच्या बाबतीत मात्र सारा प्रश्न वेळेचा होऊन बसतो. रोहिणी पूर्ण बंद झाल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरू लागतो आणि ती हानी आतल्या थराकडून बाहेरच्या थराकडे काही तास पसरत राहते. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड प्रयोगात 17,187 रुग्णांचा समावेश होता. त्यात साध्या ॲस्पिरिनने मृत्यूचे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी, गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजने सुमारे 25 टक्क्यांनी, आणि दोन्ही मिळून 42 टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. आणि जितक्या लवकर औषध मिळाले तितका लाभ अधिक होता. काही जुने उपचार याच कसोटीवर गळूनही पडले. पूर्वी अशा प्रत्येक रोग्याला प्राणवायू लावीत. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील 6,629 रुग्णांच्या प्रयोगात, रक्तातील प्राणवायू पुरेसा असताना तो वरून दिल्याने आयुष्य वाढत नाही असे आढळले, आणि ती सरसकट पद्धत मागे पडली.

भारतातील 20,468 रुग्णांची जी नोंद 2008 साली प्रसिद्ध झाली, तिच्यातील दोन आकडे मला विशेष अस्वस्थ करतात. रुग्णांचे सरासरी वय होते अवघे साडेसत्तावन्न. आणि उंचावलेल्या आलेखाचा रुग्ण कळ सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत मध्यम हिशेबाने 360 मिनिटे, म्हणजे सहा तास, उलटून गेलेले होते. रुग्णालयात पाऊल टाकल्यानंतर औषध मिळण्यास सुमारे 50 मिनिटे लागली. म्हणजे दिरंगाईचा फार मोठा हिस्सा घर, वाहन आणि रस्ता यांतच खर्ची पडला. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा आहे, परंतु शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मधे बसवून, आधी ओळखीच्या डॉक्टरकडे आणि मग तेथून पुढे, असा प्रवास करण्याची चाल अजून मोडलेली नाही. फुग्याने रोहिणी उघडण्याची सोय असलेले रुग्णालय निदानापासून दोन तासांच्या आत गाठता येत असेल तर तोच उत्तम मार्ग. पण भामरागडहून किंवा धडगावहून ते घडणे नाही. तेथे ग्रामीण रुग्णालयातच अर्ध्या तासाच्या आत गुठळी विरघळवणारे औषध देऊन मग रुग्णाला पुढे पाठवणे, हाच शास्त्रशुद्ध उपचार आहे, आणि तो देण्याचे धाडस करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पाठीशी वरच्या रुग्णालयाने फोनवर उभे राहिले पाहिजे.

ज्यांचे आलेख पुन्हा पुन्हा निर्दोष आले, रक्तातील आकडा हलला नाही आणि गुणांची बेरीज अल्प राहिली, त्यांना घरी जाण्याची मुभा मिळते. त्या वेळी हातात द्यावयाच्या कागदावर ‘हृदयविकार नाही’ असे लिहू नये; आज झटक्याचा पुरावा मिळाला नाही, कळ पुन्हा उठली, घाम फुटला किंवा धाप लागली तर स्वतः वाहन न चालवता 108 ला फोन करून ताबडतोब यावे, आणि अमुक दिवशी पुढील तपासणीस यावे, असे रुग्णाला वाचता येईल अशा मराठीत लिहावे. सोबत त्या दिवशीचा ईसीजीही द्यावा. तो ज्या कागदावर काढतात त्यावरील रेघ उष्णतेने उमटवलेली असल्यामुळे काही वर्षांत पुसट होत जाते, म्हणून त्याची झेरॉक्स काढून तिच्यावर तारीख घालून ती आधारकार्डाच्या जोडीला जपून ठेवणे इष्ट. पुढे कधी रात्री-अपरात्री परक्या गावच्या रुग्णालयात पट्टी निघाली आणि तिच्यात एखादा उंचवटा दिसला, तर तो आजचा की दहा वर्षांपूर्वीचा, हे त्या जुन्या कागदावाचून तेथील वैद्याला ठरवता येत नाही.